कढईच्या खालचं पाणी

१४ मे १९५७

फालबोंगची गचांडी धरून मी त्याला ओसरीवरून खाली ओढला. तो पडला. उठला नाही, मातीतच बसून राहिला.

"मारा वहिनी," म्हणाला. "पण मी त्याला वर येताना पाहिलं नाही."

"बुडताना पाहिलंस?"

"तेही नाही."

हे कसलं उत्तर! ओंडक्यांच्या एकाच तराफ्यावर दोघं. माझा नवरा तेसोप पुढच्या वल्ह्यावर, हा मागच्या. कढई म्हणतात त्या भोवऱ्याच्या उतारावर तराफ्याचं नाक बुडतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बुडतं आणि वर येतं. या खेपेला वर आलं तेव्हा पुढच्या वल्ह्यापाशी कोणी नव्हतं. फालबोंग इतकंच सांगतो. उलटसुलट विचारलं तरी इतकंच. ओंडके खाली वाळूवर जाऊन रुतले, मग याने दोन्ही काठ पालथे घातले, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. आवाज खरंच बसला आहे त्याचा.

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात सोललेले बटाटे. सगळं ऐकलं त्यांनी. मग आत गेल्या आणि चुलीत लाकूड सारलं.

रडल्या नाहीत. मीही नाही.

१५ मे

गावातले सहा पुरुष बांबू घेऊन खाली गेले. फालबोंग वाट दाखवायला.

विहिरीवर गेले तर बायका गप्प झाल्या. एकीने माझा हंडा भरून दिला. लग्नाला सहा वर्षं झाली, इथे मला अजून कोणी नावाने हाक मारत नाही — माहेरच्या गावावरून हानबातवाली. आज तेही कोणी म्हणालं नाही. नुसतं, "घे."

१७ मे

पुरुष परत आले. काही सापडलं नाही. बूट नाही, टोपी नाही, कमरेचा पट्टा नाही.

काही सापडलं नाही!

कढईत गेलेलं तिसऱ्या दिवशी वर येतं. जनावर आलं, माणूस आलं, युद्धात तर सैनिकही आले. तेसोप आला नाही. म्हणजे तो कढईत नाही. हे मी पुरुषांसमोर बोलले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांत म्हातारा होता तो म्हणाला, "पोरी, खडकांच्या फटी असतात खाली."

सासूबाई म्हणाल्या, "माझा पोरगा आईला टाकून जाणारा नाही. आला नाही याचा अर्थ एकच."

 मनात आलं ते इथे लिहिते, दुसरं कोण आहे ऐकायला! तो टाकून जाणारा आहे. सहा वर्षं त्याच्या शेजारी निजले, मला ठाऊक आहे. तो घरात असायचा तेव्हाही त्याचे कान नदीकडे. माझ्याशी बोलताना वाक्य अर्धं सोडायचा. सेऊलबद्दल मात्र पूर्ण वाक्यात बोलायचा — पाडलेले पूल कसे पुन्हा बांधताहेत, आपण नेलेल्या लाकडावर कसे चार चार मजले चढताहेत.

तो टाकून जाणारा आहे, म्हणून तो जिवंत आहे.

१८ मे

पहाटे रांजणांच्या ओट्यावर वाडगाभर ताजं पाणी ठेवलं आणि तळवे चोळत, मागणं मागत उभी राहिले. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या हे कळलं नाही.

"काय मागितलंस?"

"ते परत येऊ देत."

खोटं! मी मागितलं होतं : त्याला दुसरी बाई मिळाली असू दे. गोरी असू दे, हसरी असू दे. तिच्या घरची जमीन चुलीच्या धगीने ऊबदार असू दे, तिला मूल होऊ दे. तो तिच्या अंथरुणात असू दे. नदीत नसू दे.

१९ मे

तेच मागितलं.

२१ मे

फालबोंग संध्याकाळी कुंपणापाशी आला. आत येईना. सासूबाई रानभाजी खुडायला वर गेल्या होत्या, ते पाहूनच आला असणार.

"एक गोष्ट राहिली वहिनी. म्हातारीला सांगू नका."

"बोल."

"निघाल्यावर पहिल्या मुक्कामाला तो म्हणाला होता, 'फालबोंग, या खेपेला मी वर चालत यायचा नाही.' मला वाटलं पाय दुखतात म्हणून बोलतोय. मी म्हटलं, मग काय गाढव आणू? तो हसला नाही."

मी त्याचा हात धरला. परपुरुषाचा हात. तो घाबरला, सोडवून घेतला त्याने.

"हे चांगलं आहे ना?" मी विचारलं. "चांगलंच आहे ना हे?"

"मला काय कळतं वहिनी," म्हणाला. "मी मागच्या वल्ह्यावरचा माणूस. मला त्याची पाठ तेवढी दिसायची."

कढईच्या खालच्या वळणावर ग्येवोलचा गुत्ता आहे. तराफेवाले तिथे थांबतात. तेसोपच्या तोंडून ते नाव एकदाच ऐकलं होतं, आणि तेव्हा तो नको इतका सहज बोलला होता.

२२ मे

सासूबाईंना सांगितलं, मीठ आणायला जाते. त्यांनी माझ्या नव्या रबरी बुटांकडे पाहिलं, मग मिठाच्या मडक्याकडे. मडकं अर्धं भरलेलं. "जा," म्हणाल्या. "चढ उतरताना काठी घे."

२३ मे

ग्येवोलच्या परसात बसून लिहिते आहे. पेन्सिल तिनेच दिली, माझी वाटेत मोडली.

काल वरच्या कड्यावरून कढई पाहिली. दोन्ही बाजूंनी डोंगर नदीला दाबतात आणि ती मधूनच अशी निसटते की पाणी पांढरं होतं. खाली गोल डोह, काळा, फिरणारा. एक पान पडलं त्यात. फिरलं, फिरलं, गेलं. कुठे वर आलं ते दिसलं नाही. मी बराच वेळ बघत होते.

मग गुत्ता. ग्येवोल माझ्यापेक्षा वयाने मोठी निघाली. चाळिशीची असेल. पुढचा एक दात नाही. गोरी नाही. मला पाहून म्हणाली, "या. कोणाच्या?"

"तेसोपची."

ती हातातली कळशी घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बसा. काही खाल्लंय?"

"तो इथे आहे का?"

"नाही हो."

"असला तरी मी न्यायला आले नाही. राहू दे त्याला. मला फक्त लांबून बघायचंय. त्याला कळणारही नाही."

तेव्हा ती खाली बसली. म्हणाली, "बायका येतात इथे. शिव्या देतात, केस धरतात, एकीने तर माझी सोयाबीनची बरणी फोडली. राहू दे म्हणत आलेली तू पहिलीच!" 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली ते दोघींनाही कळलं नाही.

कुट्टूचे घावन आणि किमची वाढली. मी खाल्लं. खाताना रडले, ती समोर बसून दुसरीकडे बघत राहिली.

"तराफा वाळूवर आला त्या दिवशी मी धावत गेले," म्हणाली. "फालबोंग वेड्यासारखा ओरडत होता. मी पण ओरडले. मलाही वाटलं होतं, काठावरून चालत येईल, कपडे पिळत, काहीतरी वाह्यात बोलत. पोहायचा कसा तो!"

"पाणमांजरासारखा."

"हो. अगदी!"

दोघी हसलो. देवा, दोघी हसलो!

२४ मे

निघताना ग्येवोल म्हणाली, "इथे नसला तर पुढे असेल. योंगवोलपर्यंत आणखी तीन गुत्ते. तिथे ही नदी संपते, मोठी हान नदी लागते. हानवर तर सेऊलपर्यंत गुत्तेच गुत्ते. जा, विचारत जा."

मी खालच्या वाटेवर निघाले. पुढचा गुत्ता दिसला. धूर, वाळत घातलेली चादर. अंगणात एक पुरुष लाकूड फोडत होता, पाठमोरा.

तो तेसोप नव्हता. खांदे निराळे. तो वळायच्या आत मी मागे फिरले. आत गेलेच नाही. कोणाला काही विचारलं नाही.

का? रस्ताभर स्वतःला हेच विचारत आले. प्रत्येक गुत्त्यात विचारलं आणि प्रत्येकीने नाही म्हटलं, मग? सेऊल आलं, मग? एक तरी गुत्ता न विचारलेला राहिला पाहिजे. तो तिथे आहे.

२५ मे

"मीठ?" सासूबाई म्हणाल्या.

विसरले होते.

त्यांनी गरम पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं, पाय बुडवायला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

२९ मे

आज बोलल्या. बार्ली निवडत होतो. आमच्या चढावरच्या पट्टीतली अजून हिरवीच आहे, कोणाची तरी मागून आणलेली होती. मान वर न करता म्हणाल्या, "पावसाआधी विधी करायचा. त्याचा आत्मा वर काढायचा."

माझ्या हातातून सूप पडलं.

"पाऊस आला की नदी सगळं धुऊन नेते. तो मोठ्या नदीत जाईल. आपल्या नदीत आहे तोवर आपला आहे. इथला दगड न् दगड त्याच्या ओळखीचा. एकदा हानमध्ये गेला की कुठल्या कुठल्या खोऱ्यांचं पाणी तिथे, कोण ओळखणार त्याला? बेवारशी होईल."

"ते मेलेले नाहीत."

"मग कुठे आहे?"

सांगितलं असतं : न विचारलेल्या गुत्त्यात आहे. ज्या बाईला मी पाहिलं नाही तिच्याजवळ आहे. आईच्या तोंडावर कसं सांगणार, की तुमचा मुलगा तुम्हाला टाकून गेला, आनंद माना!

"मी विधी होऊ देणार नाही," मी म्हणाले.

"तू कोण नाही म्हणणारी? एक मूल तरी दिलंस का त्याला, ज्याच्यासाठी तो पोहून आला असता?"

मी दार इतकं जोरात लावलं की चौकटीवरचा कागद फाटला.

३० मे

दाराला नवा कागद लावला. त्या खळ धरून उभ्या होत्या. 

२ जून

आज दानोचा सण. पोरींनी केस धुतले, लहानसहान झाडालाही झोके बांधले. लाल घागरे वर जातात, खाली येतात. मी कुंपणापाशी उभी होते. ये असं कोणी म्हटलं नाही. जा असंही कोणी म्हटलं नाही. लाल नेसावं तर निर्लज्ज, पांढरं नेसावं तर मीच त्याला मारला! करड्या कपड्यात उभी राहिले, राखेसारखी.

शेजारची मालसुन जवळ आली. तिचा नवरा युद्धात नेला, कोणत्या बाजूच्यांनी नेला तेही नक्की नाही. ती अजून दर जेवणाला त्याचा भाताचा वाडगा झाकून ऊबदार जमिनीवर रजईखाली ठेवते. तो गार झाला की स्वतः खाते.

"तू नशिबाची," म्हणाली. "तुला नदी तरी माहीत आहे. मला डोंगरसुद्धा माहीत नाही."

"तुम्ही विधी केला नाही?"

"कुठे करू? कोणत्या पाण्यात?" मग हसली. "आता सवय झाली गं. वाडग्याने हात भाजत नाही."

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणत होती ती?"

सांगितलं.

"बघ तिच्याकडे नीट. घरातली आहे का दारातली, तिचं तिला कळत नाही. सात वर्षं! केस पिकले."

६ जून

त्या जेवत नाहीत. ताट समोर ठेवते, दोन घास, मग पाणी. "त्याच्या तोंडात पाणी आहे, माझ्या तोंडात भात कसा उतरेल?" हे गावभर सांगून झालं. बायका मला म्हणतात, "म्हातारीला मारशील हानबातवाले." पुरुष म्हणतात, "पाऊस लवकर येणार यंदा."

सगळे त्याला बुडवायला निघाले आहेत. मी एकटी त्याचं डोकं वर धरून आहे. हात दुखतात.

९ जून

पाण्याच्या वाडग्यासमोर उभी राहिले. काही मागता आलं नाही.

१० जून

विधी करणाऱ्या भगतिणीकडे गेले. सासूबाईंना न सांगता. खिंडीपलीकडे राहते, एका डोळ्याने अधू. पाय धरले आणि म्हटलं, तुम्ही नाही म्हणून सांगा. तारीख चांगली नाही म्हणा, देव तयार नाही म्हणा, काहीही.

ती मिरच्या वाळत घालत होती. यंदाच्या नव्हेत, गेल्या वर्षीच्या, बुरशी आलेल्या. हात न थांबवता म्हणाली, "भीती कसली वाटते?"

"जिवंत माणसाचा आत्मा ओढला तर?"

"जिवंताचा येत नाही."

"म्हणजे?"

"विधी असा असतो पोरी. पितळी वाडगा, त्यात कोरडे तांदूळ दाबून भरायचे, झाकण लावायचं, कापडात गच्च बांधायचा. मांजरपाटाच्या लांब पट्टीने पाण्यात सोडायचा. मी हाक मारते. तो असला तर पट्टी धरून वर येतो. उघडलं की तांदळात केस सापडतो. मेलेल्याचा केस. मग तो घरी आला."

"आणि नसला तर?"

"नुसते तांदूळ. ओलेसुद्धा होत नाहीत कधी कधी."

"केस नाही आला तर तो जिवंत आहे?"

"त्या पाण्यात तरी नाही." मिरचीची बुरशी घागऱ्याच्या काठाने पुसत होती. "तीनदा टाकते मी. तीनदा नाही आला तर म्हातारीला तोंडावर सांगेन, तुझा पोरगा दुसरीकडे शोध."

परतीच्या वाटेवर मी अक्षरशः पळत होते!

११ जून

सासूबाईंना म्हटलं, "करू या विधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  "कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तुम्ही जेवत नाही म्हणून."

त्या संध्याकाळी वाडगाभर मक्याचा भात जेवल्या. मीही जेवले. आम्ही दोघी दोन निराळ्या गोष्टींच्या भुकेने जेवत होतो.

केस येणार नाही. वाडगा वर येईल, तांदूळ पांढरे, कोरडे, आणि सगळ्या गावासमोर सिद्ध होईल. मग म्हणू देत टाकून गेला. म्हणू देत वांझ बायकोला सोडली. मान खाली घालून ऐकेन आणि आतून नाचेन.

१५ जून

मांजरपाट धुतलं. नदीच्या दगडावर बडवताना पाणी घोट्यापर्यंत होतं, स्वच्छ, तळाच्या गोगलगाई दिसत होत्या. हेच पाणी पुढे जाऊन कढई होतं हे खरं वाटत नाही. इथे मूलही बुडणार नाही.

सासूबाई आज गावात कुठे कुठे जाऊन आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "विधीची कामं असतात. तुला काय करायचंय, तू लिहीत बस. कागदाला सांगतेस ते माणसाला सांगत नाहीस."

१८ जून

जेवताना एकदम म्हणाल्या, "तुझ्या दादाच्या गावात तो सुतार होता ना, बायको वारलेला? त्याचं झालं का पुन्हा?"

"मला काय माहीत!"

"सहज विचारलं."

२० जून

ढग. गावातली मोठी माणसं म्हणतात, दोन दिवस. उद्या निघायचं.

२२ जून

ग्येवोलच्या गुत्त्याच्या अलीकडे, डोहाच्या खालच्या वाळूवर झालं. काल दुपारी पोचलो. सासूबाई इतका चढ-उतार कशा चालल्या कोण जाणे, फालबोंग पाठीवर घ्यायला तयार होता तर म्हणाल्या, "मी मेले नाही अजून." आज सकाळी सुरू केलं आणि दुपारपर्यंत संपलं. आत्ता गावात परत आलो आहोत. लिहायला बसले आहे कारण दुसरं काय करू.

क्रमाने लिहिते.

तांदूळ सासूबाईंनीच भरले. आईचा मान. पाठ करून बसल्या, मूठमूठ भरत, पुटपुटत. झाकण त्यांनीच लावलं. मी कापड बांधलं. गाठ मीच मारली, दोनदा ओढून पाहिली, पाण्याचा थेंब जाणार नाही अशी. भगतिणीने गाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "बायकोची गाठ आहे." ढोल सुरू झाला. ग्येवोल लांब झाडाखाली उभी होती, जवळ आली नाही. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली, ये अशी. ती तरीही आली नाही.

वाडगा फेकला. पट्टी पाण्यावर पांढरी सरळ गेली. मग डोहाने ओढली, फिरवली. भगतीण हाका मारत होती, "तेसोप, आई आली आहे. थंड आहे तिथे. वर ये. बायको आली आहे. वर ये."

मी मनात म्हणत होते, येऊ नको. येऊ नको. येऊ नको.

ओढला. गाठ सोडली. तांदूळ पांढरे, नुसते कडेला दमट. भगतिणीने बोटाने उकरले.

काही नाही.

मला वाटतं मी हसले. फालबोंगने माझ्याकडे पाहिलं होतं.

"पुन्हा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वाडगा मांडीत घेतला. तांदूळ सारखे केले, वरून मूठभर नवे घातले. पुन्हा गाठ. पुन्हा पट्टी. या वेळी ढग खाली आले होते आणि पाण्याचा रंग बदलला होता.

दुसऱ्यांदा उघडलं. भगतिणीचं बोट थांबलं.

तिने तो दोन बोटांत धरून उजेडात वर केला. केस. आखूड, काळा, जाड. एकच.

ढोल थांबला. कोणीतरी रडायला लागलं. ती मी नव्हते, झाडाखालची ग्येवोल होती. सासूबाईंनी तो केस पांढऱ्या कागदात घडी घालून छातीशी धरला आणि म्हणाल्या, "आला. माझा पोरगा आला." मग माझ्याकडे वळल्या आणि माझ्या केसातली चांदीची सळई, सुतकात काढतात तशी, स्वतः काढली. वेणी पाठीवर पडली. कोणाला सांगावं लागलं नाही, मी खाली बसले आणि तोंडातून जो आवाज आला तो माझा आहे हे मला मागाहून कळलं.

परत येताना पाऊस लागला. त्या माझा हात धरून चालल्या. सगळी वाट.

आता गुत्ते नाहीत. एकही नाही. सेऊलपर्यंतचे सगळे पुसले गेले.

माझ्या अंगावर त्यांनीच पांढरं घातलं. भाकरी भाजून दिली. म्हणाल्या, "झोप. रड आणि झोप. आता संपलं. तुझं संपलं."

२३ जून

सकाळी दार उघडलं तर अंगणात दादा, पावसाने निथळत. विधी झाला की बहिणीला घेऊन जा, ती तरुण आहे, असा निरोप सासूबाईंनी गेल्या आठवड्यातच धाडला होता.

त्यांच्या खोलीत अंथरुणाची घडी. त्या नाहीत.

फालबोंगकडे धावले. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "वहिनी, केस माझा होता. म्हातारीनं परवा मागून नेला. कोणाला सांगशील तर याद राख म्हणाली." आज उजाडायच्या आधी सासूबाई पुन्हा त्याच्या दारात आल्या होत्या. कढईपासून सेऊलपर्यंतच्या गुत्त्यांची नावं विचारली, एकापाठोपाठ एक. दोनदा म्हणवून घेतली, मग स्वतः म्हणून दाखवली, आणि खालच्या वाटेने गेल्या.

दादाला जेवू घातलं. मग एकट्यालाच परत पाठवलं.